उतारावरचं मैदान

ऑल्डरशॉ काउंटी फुटबॉल क्लबने नॉर्मन कॅटरॉलला काढलं ते एका छापील पत्राने. मजकूर सगळ्यांना एकच, नावापुरती जागा मोकळी. त्या जागेत कुणीतरी घाईघाईने 'कॅटरेल' असं खरडलं होतं. चौदा वर्षं, चारशे एकतीस सामने, तीनदा मोडलेलं नाक आणि डाव्या गुडघ्यातली कापून काढलेली कूर्चा. एवढं दिल्यावरही क्लबला आपलं नाव धड लिहिता येत नाही, हे बघून त्याची कानशिलं तापली. पत्र घेऊन तो तडक कचेरीत गेला आणि सेक्रेटरीच्या टेबलावर ते ठेवलं.

"हे माझं नाही."

सेक्रेटरीने चष्मा वर केला. "तुझंच आहे, नॉर्मन. मलाही वाईट वाटतंय, पण..."

"कॅटरेल नावाचा माणूस इथे कधी खेळलाच नाही. त्याला ठेवा नाहीतर काढा, मला काय त्याचं? मला काढायचं असेल तर माझ्या नावाने काढा."

सेक्रेटरीने नवा कागद टंकयंत्रात घातला. नॉर्मन समोर उभाच राहिला. पत्र हातात आल्यावर त्याने नावाचं अक्षर न् अक्षर तपासलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि खेळाडूंच्या मागच्या दाराने न जाता संचालकांच्या पुढच्या दाराने बाहेर पडला. १९७१ सालचा मे महिना होता तो. नॉर्मन तेव्हा तीस वर्षांचा होता.

बचावाच्या मधोमध उभा राहणारा पाच नंबरचा गडी, लीगच्या तिसऱ्या नाहीतर चौथ्या विभागात उमेद घालवलेला. तो कधी मोठ्या मैदानावर खेळला नाही, त्याचा फोटो कुठल्या पोराने भिंतीवर लावला नाही. त्याच्या बाजूला खेळायचा अॅलन पिलिंग. अॅलन दिसायला देखणा, केसांचा भांग नव्वद मिनिटं न विस्कटणारा. चिखलात लोळून चेंडू हिसकावायचा नॉर्मनने, आणि तो ऐटीत पुढे पाठवून टाळ्या घ्यायच्या अॅलनने. दोघांची गट्टी होती. नॉर्मनला पत्र आलं त्याच आठवड्यात अॅलनला कप्तान केलं गेलं, आणि त्यानंतर अॅलनचं येणंजाणं कमी होत होत थांबलं. पाच वर्षांनी तो ऑल्डरशॉचा मॅनेजर झाला.

नॉर्मन दूध टाकू लागला. पहाटे चारला उठून विजेवरची गाडी काढायची, ब्रॅकनशॉच्या चढउतारांवरून चारशे घरांच्या पायऱ्यांवर बाटल्या ठेवायच्या. गुडघा पायरीगणिक कळ काढायचा.

"आता तरी शनिवारी घरी बस," त्याची बायको डोरीन म्हणायची. ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती आणि वर्षानुवर्षं चिखलाचे मोजे धुऊन तिचे हात विटले होते.

"घरी बसून काय करू? भिंतीवर डोकं आपटू?"

"चौदा वर्षं तेच तर केलंस."

त्यामुळे गावातला क्लब, ब्रॅकनशॉ युनायटेड, जेव्हा तळाला गेला आणि कुणीच मॅनेजर व्हायला तयार होईना, तेव्हा नॉर्मनने हो म्हटलं ते डोरीनला न विचारता. तिने दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी त्याचे जुने बूट माळ्यावरून काढून दारात ठेवले.

संघ म्हणजे गिलावा करणारा एक, बस डेपोतले दोघे, अग्निशमन दलातला गोलरक्षक, रंगाच्या कारखान्यातले तिघे, आणि भूगोल शिकवणारा कप्तान जेफ टॅटरसॉल. दिवसभर राबून मंगळवार-गुरुवारी संध्याकाळी सरावाला येणारी माणसं. इंग्लंडभर अशा क्लबांतल्या मॅनेजरला म्हणतात तसं हेही नॉर्मनला 'गॅफर' म्हणत. आणि मैदान? चॅपलच्या, म्हणजे गावातल्या छोट्या प्रार्थनाघराच्या, कोपऱ्यापासून कालव्याच्या कोपऱ्यापर्यंत तब्बल सात फूट उतार. पाहुणे संघ नाक मुरडायचे. नॉर्मनने मात्र पहिल्याच आठवड्यात पोरांना त्या उतारावर उभं आडवं पळवलं.

"इथे चेंडू सरळ जात नाही," तो म्हणाला. "तो कुठे वळतो हे जगात फक्त आपल्याला माहीत असणार. नाणेफेक जिंकलात तर आधी चढाकडे खेळायचं. दम लागू दे, जीव जाऊ दे. मध्यंतरानंतर ते दमलेले असतील आणि उतार आपल्याकडे असेल."

"आणि नाणेफेक हरलो तर, गॅफर?" गिलाव्याचं काम करणाऱ्या ट्रेव्हर रिग्बीने विचारलं.

"मग पहिल्या अर्ध्यातच चार गोल कर आणि मला त्रास देऊ नकोस."

चार वर्षांत ब्रॅकनशॉ तळातून वर आलं. आणि १९७७ साली मोठ्या कपच्या पात्रता फेऱ्यांत एकामागोमाग चार संघ त्या उतारावरून घसरून गेले. पहिल्या मुख्य फेरीत व्यावसायिक क्लब उतरतात. त्यांच्यासोबत ब्रॅकनशॉचंही नाव सोडतीच्या पिशवीत पडलं. शंभर वर्षांत पहिल्यांदा.

सोमवारी दुपारी रेडिओवर सोडत होती. नॉर्मनने दुधाची गाडी चॅपल स्ट्रीटवर उभी केली आणि एल्सी हिंडलच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी कान लावला. बहात्तर वर्षांची एल्सी तीस वर्षं मैदानावरच्या टपरीत चहा आणि मटणाचे गरम पॅटिस विकत होती, आणि क्लबच्या सात जणांच्या कमिटीत एकुलती एक बाई होती. आतून निवेदकाचा आवाज आला: ब्रॅकनशॉ युनायटेड विरुद्ध ऑल्डरशॉ काउंटी. पहिलं नाव ब्रॅकनशॉचं, म्हणजे सामना ब्रॅकनशॉच्या मैदानावर.

एल्सी खिडकीतून बाहेर वाकली. "काय रे पोरा, तुझे जुने मालक आपल्या पायांनी तुझ्या दारात येतायत की!"

नॉर्मन गाडीपाशी गेला आणि उरलेली मलईची बाटली आणून तिच्या खिडकीत ठेवली.

गुरुवारी अॅलन पिलिंग मैदान बघायला आला. अंगात उंटाच्या रंगाचा लांब कोट, पायात चकचकीत बूट. सोबत ब्रॅकनशॉचे चेअरमन मिस्टर गोर्स्ट. गावात त्यांचं गालिच्यांचं दुकान होतं, आणि बोलताना ते माणसाकडे न बघता त्याच्या बुटांकडे बघत. अॅलन चॅपलच्या कोपऱ्यात उभा राहिला आणि त्याने खाली कालव्याकडे पाहिलं.

"नॉर्म, हे मैदान आहे की घसरगुंडी?"

"तू चिखलात कधी उतरलाच नाहीस, अॅलन. तुला काय कळणार?"

अॅलन हसला. मग पाहुण्यांच्या खोलीत जाऊन आला तेव्हा त्याचं हसू गेलं होतं. छत गळत होतं, एका भिंतीला ओल होती, आणि नळाला गरम पाणी नव्हतं. "माझी पोरं इथे कपडे बदलणार नाहीत. कालव्याकडचं कुंपण पडलंय, लोक पाण्यात जातील. सामना आमच्याकडे खेळू या. तुझ्या पोरांना आयुष्यात एकदा खरं गवत बघायला मिळेल. मी तुझ्या भल्याचंच सांगतोय."

"माझ्या भल्याचं तू सहा वर्षांपूर्वी सांगायला हवं होतंस. तेव्हा घराचा पत्ता माहीत होता तुला."

अॅलनने नजर चुकवली. "मिस्टर गोर्स्ट तयार आहेत," तो म्हणाला.

नॉर्मनने चेअरमनकडे वळून पाहिलं. गोर्स्टसाहेब त्याच्या बुटांकडे बघत होते.

रविवारी सकाळी, चॅपल सुटल्यावर, कमिटी क्लबच्या खोलीत बसली. गोर्स्ट म्हणाले की सामना ऑल्डरशॉला हलवला तर संचालकांसोबत जेवण आहे, चांगल्या खुर्च्या आहेत, गावाची शोभा राहील. इथे त्या मोठ्या क्लबला आणून आपलंच हसं होईल.

"हसं?" नॉर्मन उठला. त्याला भाषण येत नव्हतं. "माझी अकरा पोरं दिवसभर भिंती लिंपतात, बस चालवतात आणि संध्याकाळी या चढावर पळतात. चार क्लबांना त्यांनी इथे हरवलं. पिशवीतून आपलं नाव आधी निघालं. आणि आता आपणच हात जोडून म्हणायचं, आमचं घर बघायच्या लायकीचं नाही, आम्हीच येतो तुमच्याकडे? छत गळतंय तर छत दुरुस्त करा. सामना हलवलात तर मी येणार नाही. आणि संघ कुठून आणायचा ते तुम्ही बघा."

"ही धमकी आहे का, कॅटरॉल?"

"नाही. आधीच सांगून ठेवतोय."

मतदान झालं. सामना हलवायच्या बाजूने तीन, विरोधात तीन. एल्सीने हात वर केला नव्हता. ती चष्मा पुसत होती.

"एल्सी?" गोर्स्ट म्हणाले. "तुम्हाला तिकडे आयता चहा मिळेल, जरा आराम होईल."

"तीस वर्षं मी दुसऱ्यांना चहा देतेय," एल्सी म्हणाली. "त्या ऑल्डरशॉवाल्यांना माझा चहा प्यायल्याशिवाय सोडायची नाही मी. सामना इथेच."

ऑल्डरशॉने मग रीतसर तक्रार केली. फुटबॉल संघटनेचं पत्र आलं: येत्या बुधवारच्या पुढच्या बुधवारी तपासनीस येईल, आणि मैदान योग्य वाटलं नाही तर सामना हलवला जाईल. हातात दोन आठवडेही नव्हते. गोर्स्ट म्हणाले, क्लबकडे माणसं नाहीत.

ब्रॅकनशॉत रोज रात्री लोक रिकाम्या बाटलीत चिठ्ठी खोचून ठेवत: उद्या दोन बाटल्या, शुक्रवारी नको, अंडी आण. त्या शुक्रवारी पहाटे पहिल्यांदाच दूधवाल्याने चिठ्ठ्या ठेवल्या. डोरीनने शाळेच्या वह्यांच्या पाठकोऱ्या कागदांवर त्या लिहून दिल्या होत्या. 'शनिवारी सकाळी नऊला मैदानावर या. फावडं, ब्रश, हातोडी, जे असेल ते आणा. ऑल्डरशॉ म्हणतंय आपलं मैदान लायक नाही. नॉ. कॅटरॉल.'

शनिवारी नऊला नॉर्मन फाटकाशी उभा होता. साडेनवापर्यंत फक्त सात माणसं आली आणि त्याचा चेहरा पडला. मग चॅपल स्ट्रीटच्या वळणावर ढकलगाडीचा खडखडाट ऐकू आला. बंद पडलेल्या कापडगिरणीतून तीन माणसं लोखंडी कठडे आणत होती. त्यांच्यामागे रंगाचे डबे घेतलेल्या बायका, त्यांच्यामागे अग्निशमन दलाची अख्खी पाळी. दुपारपर्यंत दीडशे माणसं झाली. ट्रेव्हरने पाहुण्यांच्या खोलीला दोन हातांचा गिलावा केला. निवृत्त झालेला एक प्लंबर गिरणीतला छोटा बॉयलर जोडत बसला, आणि संध्याकाळी वर येऊन म्हणाला, "पाणी तापेल, पण एकाच खोलीपुरतं. कुणाला द्यायचं?"

"पाहुण्यांना," नॉर्मन म्हणाला.

"आणि आम्ही?" ट्रेव्हरने विचारलं.

"तू थंड पाण्याने मरणार नाहीस. पण सामन्याच्या दिवशी त्यांच्यातल्या एकालाही तोंड उघडायला जागा मिळता कामा नये."

बुधवारी तपासनीस आला. कमी बोलणारा, वहीत टिपणं घेणारा. त्याने कठडे हलवून पाहिले, नळ सोडून हात धरला आणि पटकन मागे घेतला. पाणी चांगलंच कढत होतं. शेवटी तो उताराकडे बराच वेळ बघत राहिला.

"हा उतार फारच आहे, मिस्टर कॅटरॉल."

"दोन्ही संघांना एकेक अर्धा मिळतो, साहेब. आम्ही तो फक्त आमच्यासाठी राखून ठेवत नाही."

तपासनिसाने वही मिटली. सामना ब्रॅकनशॉलाच होणार होता.

त्या शनिवारी माळावरून बोचरं वारं सुटलं होतं. कठड्यांना लोक चार-चार रांगांत चिकटले होते, चॅपलच्या छतावरही काही जण चढले होते. जेफने नाणेफेक जिंकली आणि ठरल्याप्रमाणे चढ घेतला. पहिली पंचेचाळीस मिनिटं ऑल्डरशॉने त्यांना पार घुसळून काढलं. बाविसाव्या मिनिटाला गोल झाला, आणि आणखी तीन व्हायचे ते गोलरक्षकाने अंगावर झेलले. खाली ऑल्डरशॉचे लोक ओरडत होते, "दूध घेऊन जा, दूधवाल्या, दूध!"

मध्यंतरात थंड खोलीत पोरं भिंतीला टेकून धापा टाकत होती. नॉर्मनने आवाज चढवला नाही.

"ऐकलंत ते काय ओरडतायत? मी रोज चारशे घरी दूध टाकतो, मला त्याची लाज नाही. ट्रेव्हर, तुला गिलाव्याची आहे?"

"नाही, गॅफर."

"जेफ, तुला भूगोलाची?"

"कधीकधी," जेफ म्हणाला, आणि एवढ्या थंडीत सगळे हसले.

"मग बाहेर जा. उतार आता आपला आहे. आणि कालव्याच्या कोपऱ्यात चेंडू डावीकडे वळतो, हे त्यांना अजून माहीत नाही."

एकाहत्तराव्या मिनिटाला जेफने उजवीकडून लांब चेंडू टाकला. ऑल्डरशॉचा बचावपटू तो बाहेर जाणार म्हणून आरामात थांबला. चेंडू जमिनीवर आपटला आणि उताराने डावीकडे वळून थेट ट्रेव्हरच्या पायाशी आला. ट्रेव्हरने आधी विश्वास बसेना म्हणून एक क्षण त्याच्याकडे पाहिलं आणि मग जाळ्यात हाणला. कालव्याच्या बाजूचे नवे कठडे माणसांच्या लोटाने वाकले, पण तुटले नाहीत. नॉर्मन गुडघा विसरून उडी मारायला गेला आणि चिखलात आडवा पडला. तसाच पडून तो बराच वेळ ओरडत होता.

एक-एक. सामना बरोबरीत सुटला.

गरम पाण्याने न्हाऊन, भांग पाडून अॅलन पिलिंग बाहेर आला. एल्सीने त्याच्या हातात चहाचा कप दिला होता. "पाणी चांगलं होतं," तो म्हणाला.

"आमच्याकडे नव्हतं," नॉर्मन म्हणाला. त्याच्या केसांत अजून चिखल होता.

अॅलनने एकदा पोरांच्या खोलीकडे पाहिलं. आतून थंड पाण्याच्या किंकाळ्या येत होत्या. त्याने कप खाली ठेवला आणि हात पुढे केला. नॉर्मनने तो हातात घेतला, फार वेळ नाही.

तीन दिवसांनी फेरसामना ऑल्डरशॉच्या सपाट हिरवळीवर झाला आणि ब्रॅकनशॉ चार-एकने हरलं. त्यात काही चमत्कार झाला नाही. पण हरलेली पोरं संचालकांच्या दारातून बाहेर पडली. नॉर्मनने त्यांना तिथूनच नेलं.

गोर्स्टसाहेब ते मत विसरले नव्हते. मे महिन्यात कमिटीची निवडणूक झाली, दोन माणसं बदलली, आणि नॉर्मनला गोर्स्टच्या घरी बोलावून सांगितलं गेलं की क्लबला नवा विचार हवा आहे. दुसऱ्या दिवशी गावच्या साप्ताहिकात बातमी होती: 'कॅटरॉल यांनी तब्येतीच्या कारणाने राजीनामा दिला.'

डोरीनने अंक टेबलावर टाकला. "हे असंच जाऊ देणार आहेस?"

"तुझा कोट कुठे आहे?" नॉर्मन म्हणाला.

दोघं संपादकाकडे गेले. संपादक अवघडला, क्लबने जे कळवलं ते छापलं म्हणाला.

"मग आता मी कळवतो ते छापा," नॉर्मन म्हणाला. "मी राजीनामा दिला नाही. मला काढलं. माझी तब्येत उत्तम आहे."

पुढच्या आठवड्यात ते तसंच छापून आलं, त्याच्याच शब्दांत. त्या शनिवारी ब्रॅकनशॉच्या अकरापैकी नऊ खेळाडूंनी गोर्स्टना क्लब सोडल्याची पत्रं दिली. नॉर्मन एक मोसमही घरी बसला नाही. शेजारच्या थॉर्नली गावाचा संघ नगरपालिकेच्या उघड्या पटांगणावर खेळत असे. ना भिंत, ना छत, कपडे बदलायला बसस्टॉपमागची शेड. त्याने तिथे सुरुवात केली. ट्रेव्हर आणि जेफ पाठोपाठ आले. गोर्स्टनी दोन वर्षांनी दुकान विकलं आणि समुद्रकाठी राहायला गेले. ब्रॅकनशॉने नॉर्मनला परत बोलावलं, तेव्हा तो म्हणाला, "थॉर्नलीच्या कपडे बदलायच्या खोलीचा पाया आत्ताच घातलाय. भिंती उभ्या राहिल्या की बघू." भिंती उभ्या राहायला नऊ वर्षं लागली. तो गेला नाही.

एल्सी एक्याऐंशीव्या वर्षी गेली. तिच्या अंत्यविधीला नॉर्मनने चहा केला आणि सगळ्यांनी एकमताने सांगितलं की तो भयंकर होता.

दोन्ही गुडघे बदलून झाले, दुधाची गाडी गेली, डोरीनचे केस पांढरे झाले, पण शनिवार सुटला नाही. अडुसष्टाव्या वर्षीही तो थॉर्नलीच्या रेषेवर उभा राहून ओरडत असे. एकदा एका तरुण पंचाने चुकीची पेनल्टी दिली, निदान नॉर्मनच्या मते ती चुकीची होती, आणि त्याने ते मत अख्ख्या खोऱ्याला ऐकवलं. पंचाने त्याला मैदानाबाहेर हाकललं.

नॉर्मन काठी घेऊन गेला. फाटकातून बाहेर, कुंपणाला वळसा घालून, माळावर जाणाऱ्या पायवाटेवर चढला. तिथून मैदान आणखी चांगलं दिसत होतं. दोन मिनिटांत त्याचा आवाज पुन्हा घुमला: "जेम्स! अरे मागे बघ, मागे!"

पंच शिट्टी वाजवून कुंपणापाशी आला. "मिस्टर कॅटरॉल, मी तुम्हाला बाहेर जायला सांगितलं होतं."

"मी बाहेरच आहे, बाळा."

"तुम्ही अजून सूचना देताय."

"ही सरकारी पायवाट आहे. तू जन्मायच्या आधीपासून मी इथे चालतोय. माणसाने पायवाटेवर उभं राहून स्वतःशी मोठ्याने बोलू नये, असा कायदा असेल तर दाखव."

पंचाने कुंपणाकडे पाहिलं, पायवाटेकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. कठड्याला टेकलेली डोरीन हसू दाबत होती. पंच मागे वळला आणि त्याने खेळ सुरू केला. नॉर्मनने काठी बगलेत धरली, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि पुन्हा ओरडला.